चौथ्या क्वार्टरला दम जातो कुठे?

पत्र थोडक्यात : तालुक्याच्या गावातल्या एका महाविद्यालयातली बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी. मुलींच्या बास्केटबॉल संघाची कर्णधार. गेल्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात तिचा संघ मध्यंतराला २६-१९ असा पुढे होता आणि शेवटी ३९-४७ असा हरला. चौथ्या क्वार्टरमध्ये त्यांचे गुण झाले फक्त ४. क्रीडाशिक्षक स्वतः जुने लांब पल्ल्याचे धावपटू. त्यांचा निष्कर्ष एका वाक्यात : ‘पोरींनो, तुमच्यात दमच नाही.’ त्यामुळे यंदा जुलैपासून रोज सकाळी सहाला मैदानाच्या १० फेऱ्या, आणि उरलेल्या अर्ध्या तासात चेंडू. संघातल्या निम्म्या मुली पहिल्या एसटीने येतात. गेल्या आठवड्यात सातव्या फेरीला एकीला चक्कर आली, दोघींनी यायचंच सोडलं. तिचा प्रश्न : ‘ताई, फिटनेसने खरंच आमचा संघ फायनलला जाऊ शकतो, की हे वर्षही धावण्यातच जाणार? आणि सरांना सांगायचं कसं?’ सोबत त्या सामन्याच्या स्कोअरशीटचा फोटो.

उत्तर :

तुझ्या पत्राआधी मी स्कोअरशीट वाचली. जुनी सवय. पण त्याआधी एक काम, आणि ते याच आठवड्यात करायचं. चक्कर आलेल्या मुलीला डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पुन्हा पळवू नका. ‘आता बरं वाटतंय’ असं ती म्हणेल, कारण संघातली जागा जाईल ही भीती प्रत्येकीला असते. तू कर्णधार आहेस, तिच्यासोबत तू जा.

आता स्कोअरशीट. तुमच्या संघाच्या यादीत बारा नावं आहेत, पण मैदानात उतरल्याची फुली सातच नावांपुढे दिसते. म्हणजे पाच मुली ट्रॅकसूट घालून चाळीस मिनिटं टाळ्या वाजवत होत्या. पत्रात तू लिहितेस की तू आणि तुमची सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारी मुलगी, एकदाही बाहेर आला नाहीत. आता टाइमआउटच्या, म्हणजे खेळ थांबवून घेतलेल्या एकेका मिनिटाच्या चौकटी बघ. दुसऱ्या हाफमध्ये तीन मिळतात, तुम्ही एकच घेतलाय. समोरच्यांचे गुण धडाधड वाढत असताना दोन टाइमआउट, म्हणजे पूर्ण दोन मिनिटांची विश्रांती, कागदावर तशीच पडून राहिली.

आणि मग ते काळे ठिपके. समोरच्या संघाच्या फाऊलच्या रकान्यात ‘पी’च्या (पर्सनल फाऊल) शेजारी बारीक २ (दोन फ्री थ्रो, प्रत्येकी एका गुणाचे) लिहिलेले मी मोजले. नऊ निघाले, म्हणजे तुम्हाला १८ फ्री थ्रो मिळाले. तुमच्या गुणांच्या उभ्या रांगेत फ्री थ्रोचे भरीव ठिपके सहाच आहेत. बारा वाया गेले आणि सामना आठ गुणांनी गेला. लगेच असा हिशेब मांडू नकोस की ते बारा गेले असते तर आपण जिंकलो असतो. एकूण १८ पैकी निम्मे, म्हणजे नऊ गेले असते तरी तीनच गुण वाढले असते आणि तुम्ही पाचने हरला असता. पण पाच गुणांनी मागे असलेला संघ शेवटची दोन मिनिटं वेगळी खेळतो. आणखी एक गोष्ट बघ : त्या १८ पैकी १० फ्री थ्रो पहिल्या हाफमधले आहेत. तेव्हा तुम्ही ताज्यातवान्या होता, तरी तीनच गेले. त्याचा दमाशी काय संबंध?

म्हणून ‘तुमच्यात दमच नाही’ या वाक्यावर आधी थोडं थांबू. आपल्याकडे दम हा शब्द दोन कामं करतो. श्वास पुरत नाही तेव्हाही दम, आणि हिंमत नाही म्हणायचं असेल तेव्हाही दम. सर बहुतेक पहिल्या अर्थाने बोलले असतील, पण संघातल्या मुलींनी तो दुसऱ्या अर्थाने ऐकला. दोघी यायच्या थांबल्या त्या काही फेऱ्यांना घाबरून नव्हे, असं मला तुझ्या पत्रावरून वाटतं.

या खेळाचा इतिहास तर उलट्या भीतीने सुरू झाला. जेम्स नेस्मिथ या व्यायामशिक्षकांनी १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला बास्केटबॉल काढला आणि पुढच्याच वर्षी जवळच्याच स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने तो मुलींना शिकवला. मुली थकू नयेत म्हणून तिने मैदानाचे तीन भाग पाडले, आपला भाग सोडून पळायचं नाही असा नियम. तिथल्या महाविद्यालयीन मुलींना पूर्ण मैदानावर पाच-पाच जणींचा खेळ मिळायला १९७१ उजाडलं. आयोवा राज्यातल्या शाळांमध्ये तर सहा जणींचा अर्ध्या-अर्ध्या मैदानाचा खेळ १९९३ पर्यंत चालू होता. एकेकाळी मुलींना पळूच द्यायचं नाही, आणि आता तुमच्या मैदानावर नुसतं पळवायचं. दोन्हीकडे खेळ काय मागतो हे बघायचं राहून गेलं.

खेळ काय मागतो? मैदान २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद. सरळ रेषेत तू जास्तीत जास्त २८ मीटर पळणार, आणि तेही क्वचित. एरवी चार-पाच पावलं जोरात, ब्रेक, वळण, उडी, डिफेन्समध्ये बाजूला सरकणं, कुणाच्या तरी कोपराचा धक्का, परत धाव. मग फ्री थ्रोसाठी शिट्टी वाजते, अर्धा मिनिट उभं राहायचं, आणि पुन्हा तेच. यात टिकते ती मुलगी सर्वांत लांब पळणारी असेलच असं नाही. जोराची धाव संपल्यावर पंधरा-वीस सेकंदांत जिचा श्वास जागेवर येतो, ती टिकते.

मैदानाच्या दहा फेऱ्या म्हणजे, ट्रॅक ४०० मीटरचा असेल तर, चार किलोमीटर एका लयीत. त्याचा उपयोग शून्य नाही. धावांच्या मधल्या काळात श्वास लवकर भरून येण्यासाठी हा पाया लागतो, तेव्हा सरांचं सगळंच चुकलं असं कृपा करून म्हणू नकोस. पण पायावर भिंत चढवायची असते, रोज पायाच खणत बसायचं नसतं. रोज एकाच चालीने पळणारे पाय त्याच चालीत तरबेज होतात. फास्ट ब्रेकला, म्हणजे चेंडू मिळताच समोरच्या बास्केटकडे मुसंडी मारायला, लागतो तो झटका त्यातून येत नाही.

आता तुझा मूळ प्रश्न. फिटनेसने संघ फायनलला जातो का? तुम्ही किती गुणांनी हरता यावर माझं उत्तर ठरतं. तीस-चाळीस गुणांनी हरणाऱ्या संघाला मी सांगितलं असतं की धावणं बाजूला ठेवा, डाव्या हाताचा ले-अप (पळत जाऊन बास्केटजवळून टाकलेला चेंडू) आणि दोन्ही हातांनी पास शिका. समोर मुंबईतल्या नागपाड्याच्या किंवा पुण्यातल्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानावर दहाव्या वर्षापासून खेळलेल्या मुली असतील तर तीन महिन्यांचा फिटनेस तेवढं अंतर कापणार नाही. तुम्ही आठने हरलात, तेही अर्धा वेळ पुढे राहून. म्हणजे वीस मिनिटं तुम्ही त्या संघापेक्षा सरस आहात. दमसास वाढवून तुम्ही नवा संघ होणार नाही. जो संघ वीस मिनिटं असता, तो चाळीस मिनिटं राहाल. आपल्या पातळीवर एवढ्यावर फायनल गाठता येते, कारण समोरचा संघही बहुतेक वेळा स्पर्धेच्या आधी पंधरा दिवसच जमलेला असतो. विद्यापीठाच्या संघात निवड होऊन पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेत गेलीस की हे गणित बदलेल. तिथे सगळ्याच फिट असतात.

जास्तीच्या दमाचा आणखी एक फायदा लोकांच्या लक्षात येत नाही : तुम्हाला खेळायची वेगळी पद्धत परवडते. टोकियो ऑलिम्पिकमध्ये, म्हणजे २०२१ मध्ये, जपानच्या मुलींनी रौप्यपदक मिळवलं. उंचीने तो संघ बहुतेक प्रतिस्पर्ध्यांपेक्षा कमी. अंतिम सामन्यात अमेरिकेने त्यांना ९०-७५ असं हरवलं, पण तिथपर्यंत त्या पोचल्या त्या न थांबणाऱ्या वेगावर आणि तीन गुणांच्या नेमबाजीवर. उपांत्य सामन्यात फ्रान्सविरुद्ध जपानच्या रुई माचिदाचे १८ असिस्ट होते, म्हणजे तिच्या पासवर सहकाऱ्यांनी १८ वेळा बास्केट केली. चेंडू आणि पाय दोन्ही सतत हलते असल्याशिवाय असा आकडा होत नाही. यातली नेमबाजी विसरू नकोस. नुसत्या पळणाऱ्या आणि बास्केट न करणाऱ्या संघाला काय म्हणायचं? ॲथलेटिक्सचा संघ.

तुमच्यासाठी याचा अर्थ प्रेस, म्हणजे समोरच्यांवर मैदानभर दाब टाकून खेळणं. तालुक्याच्या, जिल्ह्याच्या पातळीवर बहुतेक संघांकडे चेंडू नीट वर आणणारी एखादीच मुलगी असते. चेंडू घेऊन आठ सेकंदांत मध्यरेषा ओलांडायची असते. तिच्यावर दोघींनी दाब टाकला की चेंडू सुटतो, आणि बास्केटखालचे सोपे दोन गुण मिळतात. पण पूर्ण मैदानाचा प्रेस सात मुलींत होत नाही. दहा लागतात.

म्हणून बेंच. ‘त्या पाच जणी तेवढ्या चांगल्या नाहीत’ असं तू लिहिलं आहेस. नसतीलही. पण दहा मिनिटं खेळून दमलेली तू आणि ताजी असलेली तुमची नववी खेळाडू यांत फरक किती, हे कधी मोजलंय? दुसऱ्या क्वार्टरमध्ये प्रत्येकीला तीन-तीन मिनिटं द्या आणि तेवढ्यात दोन-चार गुण गेले तर जाऊ द्या. चौथ्या क्वार्टरला ते व्याजासकट परत मिळतात. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचे प्रशिक्षक डीन स्मिथ यांची एक पद्धत मला फार आवडते. खेळाडू दमला की मूठ वर करायचा आणि ते त्याला बाहेर घ्यायचे, आणि दम भरला की परत आत जायचं तोच सांगायचा. आत परत जाता येणार याची खात्री असल्यामुळे मूठ वर करण्यात लाज नव्हती. तुमच्याकडे पहिली मूठ कर्णधाराची वर जायला हवी. नाहीतर बाकीच्या कुणाची जाणार नाही.

सराव कसा बदलायचा? सरांचा एक दिवस ठेवा : आठवड्यातून एकदा पाच-सहा फेऱ्या, शेजारणीशी बोलता येईल इतक्या वेगाने. आणखी दोन दिवस तुकड्यांत पळा. सुरुवातीला १५ सेकंद जोरात आणि १५ सेकंद चालत, असं सहा मिनिटं, मग तीन मिनिटं आराम, मग पुन्हा सहा मिनिटं. तीन आठवड्यांनी हेच कोर्टवर आणा : या बेसलाइनपासून (बास्केटमागची रेषा) त्या बेसलाइनला जाऊन परत, २० सेकंद उभं राहायचं, असं सहा वेळा. दोन-तीन मिनिटं आराम, मग दुसरा सेट. सेट संपला की लगेच, धापा टाकतच, दोन फ्री थ्रो. सामन्यात फ्री थ्रो तसेच मारावे लागतात. सावलीत उभं राहून रांगेने मारलेले पन्नास वेगळे. मी स्वतः विद्यापीठाच्या निवड चाचणीत लागोपाठ चार फ्री थ्रो चुकवले होते. आदल्या संध्याकाळी मैदानावर त्यातला एकही चुकला नव्हता.

चौथा दिवस चेंडूचा. पूर्ण कोर्टवर तिघी विरुद्ध तिघी, चार मिनिटं खेळ, दोन मिनिटं बाहेर. जागा मोठी आणि माणसं कमी, त्यामुळे धाप लागते आणि पळतोय हे कळतही नाही. ज्या दोघींनी यायचं सोडलं त्यांना या दिवशी बोलाव.

मोजायचं असेल तर कोर्टच्या रुंदीच्या सतरा धावा घ्या, बाजूच्या रेषेपासून समोरच्या रेषेपर्यंत. अडीचशे मीटरच्या आसपास अंतर, पण सोळा वेळा वळण. प्रत्येकीची वेळ वहीत लिहा आणि चार आठवड्यांनी परत घ्या. तुलना फक्त आपल्याच जुन्या वेळेशी. यादी नोटीस बोर्डावर लावू नका. सहा ते आठ आठवड्यांत फरक दिसतो, आणि दिवाळीच्या सुट्टीत काहीच केलं नाही तर तो तितक्याच भराभर ओसरतो. सामन्याच्या आधीच्या आठवड्यात धावणं निम्म्यावर आणा. स्पर्धा तोंडावर आली की जास्त पळवायचं ही आपल्याकडची जुनी खोड आहे, आणि मग पहिल्या सामन्याला पाय शिशाचे होतात.

गुडघे. यावर मी नेहमी जास्त बोलते आणि मला त्याची लाज वाटत नाही. मुलींमध्ये गुडघ्याचं ‘एसीएल’, म्हणजे गुडघा जागेवर धरणारं आतलं बंधन, तुटण्याचं प्रमाण मुलांपेक्षा कितीतरी जास्त असतं, आणि बऱ्याचदा कुणी न धडकताच ते तुटतं : उडीवरून उतरताना किंवा वळताना. तुमचं कोर्ट सिमेंटचं आहे, म्हणून अधिकच जपायचं. सरावाआधीची पंधरा मिनिटं या कामाला द्या. बैठका, एका पायावर तोल, प्लँक, आणि उडी मारून उतरण्याचा सराव. उतरताना आवाज येता कामा नये आणि गुडघे आत, एकमेकांकडे वळता कामा नयेत. मोबाइलवर समोरून एकमेकींचे व्हिडिओ काढा, गुडघे कुठे जातात ते लगेच दिसेल. जिम नाही म्हणून अडू नका. जोडीदारणीला पाठुंगळी घेऊन अर्धी बैठक मारली तर तेही वजनच आहे.

आता ज्याचा तुझ्या पत्रात ओझरता उल्लेख आहे ते. ‘पहिल्या एसटीने येणाऱ्या मुली चहा पिऊनच येतात.’ हे वाक्य मला स्कोअरशीटइतकंच महत्त्वाचं वाटलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. तुमच्या बारा जणींत हे प्रमाण तसंच असेल तर सहा-सात जणी कमी हिमोग्लोबिनवर पळताहेत. स्नायूंपर्यंत प्राणवायू नेणारी गाडीच अर्धी रिकामी, आणि आपण म्हणतो दम नाही. अशा मुलीला दहाच्या वीस फेऱ्या मारायला लावल्या तरी ती फक्त जास्त थकेल. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात सगळ्या संघाची हिमोग्लोबिन तपासणी करून घ्या. बारा ग्रॅमच्या खाली आलं तर डॉक्टर सांगतील त्या गोळ्या, आणि ते सांगतील तितके दिवस. शाळेत आठवड्याला मिळायच्या त्या निळ्या गोळ्या आठवतात? त्या याचसाठी होत्या, आणि तुमच्यापैकी कितीजणींनी त्या खिडकीबाहेर टाकल्या हे मी विचारणार नाही.

जेवणासोबत चहा नको, तो लोह शोषू देत नाही. पालेभाजी, मटकी, हरभऱ्यावर लिंबू पिळा. पहाटे चहाबरोबर निदान एक केळं किंवा शेंगदाण्याचा लाडू पोटात जाऊ दे, आणि सराव संपल्यावर तासाभरात पोळी-भाजी, अंडं, पोहे, जे घरात होईल ते. नवरात्राचे नऊ दिवस कडक उपवास करणाऱ्या एक-दोघी प्रत्येक संघात असतात आणि आपल्या स्पर्धा बहुधा त्याच सुमाराला येतात. श्रद्धेवर मी बोलणार नाही. फक्त त्या दिवसांत त्यांना जोराच्या धावा देऊ नका, आणि सामना असेल तर काय करायचं हे त्यांनी घरी आईशी आधीच बोलून ठेवावं. कुणाची पाळी तीन-तीन महिने येत नसेल तर ‘खेळामुळे होतं’ म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना विचारा. सरांशी हे बोलायला अवघड जातं हे मला माहीत आहे. एखाद्या मॅडमना संघव्यवस्थापक म्हणून घ्या, वर्गावर शिकवणाऱ्या असल्या तरी चालतील.

बाद पद्धतीच्या स्पर्धेत एका दिवसात दोन सामने असतात, तेव्हा तर सगळा खेळ मधल्या तीन तासांचा. पहिला सामना जिंकल्यावर वडापाव आणि थंडगार कोल्ड्रिंक, मग सिमेंटच्या पायऱ्यांवर उन्हात बसून बाकीचे सामने बघायचे. आम्हीही तेच केलं. घरून डबे न्या : दहीभात, पोळीचा लाडू, केळी. मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी प्या आणि सावलीत पाय लांब करून पडा. सामने बघण्याचं काम बेंचवरच्या दोघींना द्या.

राहिले सर. पहाटे सहाला मुलींच्या संघासाठी मैदानावर उभे राहणारे क्रीडाशिक्षक किती कमी आहेत, हे तुला अजून माहीत नाही. पुढे कळेल. त्यांना जे येतं ते, म्हणजे धावणं, ते तुम्हाला मनापासून देताहेत. ‘सर, तुमचं चुकतंय’ या वाक्याने काहीही होणार नाही. सगळ्यांसमोर तर नाहीच. स्कोअरशीटची छापील प्रत घेऊन जिमखान्यात एकटी जा. आधी ठिपके दाखव, मग फुल्या. मग एक मागणी कर, एकच : ‘सर, चार आठवडे असं करून बघू का? सतराच्या धावांची वेळ तुम्हीच घ्या.’ घड्याळ त्यांच्या हातात दे. लांब पल्ल्याच्या धावपटूला वेळेचं वेड असतंच. आकडे सुधारायला लागले की ते तुमच्याआधी उत्साहात येतील. नाहीच ऐकलं तरी फ्री थ्रो, डबा आणि रक्ततपासणी यांना कुणाच्या परवानगीची गरज नाही.

आणि टाइमआउट. तो मागायचा हक्क प्रशिक्षकाचा, खेळाडूंचा नाही, त्यामुळे तू मैदानातून हातवारे करून उपयोग नाही. सामना रंगला की सर तो मागायला विसरणार, सगळेच विसरतात. सरांच्या शेजारी बसून त्यांना आठवण करायचं काम कुणाचं, ते आजच ठरवा. समोरच्यांनी लागोपाठ सहा गुण केले की त्या मुलीने सरांची बाही ओढायची.